बिनपट्ट्यांची गिटार

"काय उपटतोस रे?"

ओटीवर पाय टाकता टाकता मी विचारलं. वाडीतून केळीची वाळकी पानं छाटून येत होते, हातात कोयता तसाच होता. इनास, माझा एकुलता मुलगा, चटईवर बसला होता. मांडीवर त्याच्या बापाची गिटार. एका हातात रेडिओवाल्याकडं असते तसली विजेवर तापणारी सळई, दुसऱ्या हातात पकड. गिटारच्या दांडीवर आडव्या पितळी पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यातली एक तापवून त्यानं पकडीत धरली आणि हळूच वर ओढली. लाकडातून ती सुटताना जो आवाज झाला त्यानं माझे दात शिवशिवले. नख उपटल्यासारखा.

"पट्ट्या काढतोय," तो म्हणाला. मान वर नाही.

"मोडल्यात?"

"नाही."

"मग?"

"नकोत म्हणून."

"बरं आहे. उद्या घराच्या पायऱ्या नकोशा झाल्या तर त्याही काढ. खिडकीतनं येऊ जाऊ."

तो हसला. हसताना घशात खरखर झाली आणि हात आपसूक गळ्याकडं गेला. मी कोयता भिंतीला टेकवायला वळले. त्या दिवसांत मी त्याच्या गळ्याकडं बघायचंच टाळायची.

त्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, राखेच्या बुधवारानंतर लगेच, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ लागता लागता. आवाज जिथून निघतो तो भागच कापून काढायचा होता. श्वासाला गळ्यात एक भोक राहणार होतं. बोलणं, गाणं कायमचं बंद. डॉक्टरनं हे इंग्रजीत सांगितलं, माझ्या सुनेनं मराठीत सांगितलं, आणि त्यानंतर आमच्या घरात ते कोणी कुठल्याच भाषेत बोललं नाही. मी 'दुखणं' म्हणायची. इनास तर तेवढंही म्हणत नव्हता. आणि हा तो माणूस, ज्याच्या आवाजावर आमच्या चर्चमधली उपासकाळाची सगळी गाणी चालायची. फादरचं प्रवचन ऐकून कोणी रडल्याचं मला आठवत नाही, इनासनं क्रूसाच्या वाटेचं गाणं धरलं की बाया डोळ्याला पदर लावायच्या. मी नाही लावायची. आईनं लावला तर दृष्ट लागते.

आता उरलेले दिवस माणसानं बोलून घ्यावं की नाही? बायकोशी बोलावं, आईशी भांडावं. हा दिवसभर ओटीवर बसून मुकाट्यानं पट्ट्या उपटत होता.

"त्या तुझ्या बापाच्या आहेत," मी म्हटलं.

"गिटार त्याची होती. पट्ट्या कारखान्याच्या."

"बघ तरी एकदा नीट." मी खाली बसले आणि चटईवर पडलेल्या पट्ट्यांतली एक उचलून त्याच्या नाकापुढं धरली. तिच्यात खड्डा पडला होता, पायरीच्या दगडाला पडतो तसा. "हे कारखान्यानं केलं का? बस्त्यावचं बोट आहे हे. लग्नाआधीपासून वाजवत होता. तारेखाली पितळ झिजलं, तेव्हा हा खड्डा पडला."

नवऱ्याला मी नावानंच हाक मारायची. सासूला ते आवडायचं नाही, पण सासूला माझं काहीच आवडायचं नाही, त्यामुळे मला मोकळीक होती.

"त्याच खड्ड्यांनी तार कुरकुरते, बाय," इनास म्हणाला.

"कुरकुरू दे. माणसं कुरकुरतात, त्यांना काय उपटून टाकतो आपण?"

त्यानं सळई खाली ठेवली. दांडीवरून बोट वरून खाली ओढत आणलं. जिथं पट्ट्या गेल्या होत्या तिथं सरळ, उरलेल्या ठिकाणी ठेचकाळत.

"बघ. ह्या पायऱ्या आहेत. सूर एका पायरीवरनं दुसरीवर उडी मारतो. माणसाचा गळा असा उडी मारत नाही. तो घसरतो. मला तसं वाजवायचंय."

"मग व्हायोलिन घे. तुझ्या त्या गायकवृंदात धूळ खात पडलंय."

"ते शिकायला जन्म जाईल. ही माझ्या हातातली आहे."

त्यानं पुन्हा सळई उचलली. मी स्वयंपाकघरात गेले.

सून हिल्डा भाकरी थापत होती. हिल्डा शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची. मी तिला वाकडं बोलले की ती भाकरी जरा जास्त जोरात थापायची, एवढंच आमचं भांडण.

"तुझा नवरा काय करतोय बघितलंस?"

"बघितलं, मम्मी."

"आणि गप्प बसलीस."

"त्यांना काहीतरी करू दे. रात्री झोपत नाहीत. निदान हात तरी चालतात."

"हात चालवायला बापाचीच वस्तू सापडली? थोड्या दिवसांत घसा जाणार—" आणि तिथं माझी जीभ थांबली. माझी जीभ सहसा थांबत नाही. हिल्डानं भाकरी तव्यावर टाकली आणि पीठ लागलेल्या मनगटानं डोळा पुसला. मी म्हटलं, "भाकरी जळेल," आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी त्या सगळ्या पट्ट्या केळीच्या पानात गुंडाळल्या आणि कबरस्तानात गेले. बस्त्यावच्या क्रूसाशेजारी सुरीच्या टोकानं माती उकरली आणि पुडकं आत ठेवलं.

"हे घे," मी म्हटलं. "तुझ्या पोराचे प्रताप. तुझी बोटं तुझ्यापाशी ठेव, माझ्या घरात त्यांची किंमत नाही."

आणखीही एक गोष्ट त्याला सांगितली. ती आम्हा नवराबायकोतली आहे.

घरी परतले तर पुढचा प्रताप तयार होता. माझी पाटी माळ्यावरून खाली आली होती. ही माझी बांबूची पाटी. आमच्या वसईकडच्या बायांना विचारा पाटी म्हणजे काय ते. केळी, नागवेलीची पानं, मोगऱ्याच्या कळ्या, जे पिकेल ते त्या पाटीतून डोक्यावर वाहून मी दादरच्या बाजारात विकलं. त्यावर इनासची शाळा झाली, कॉलेज झालं. माझ्या टाळूवरचे केस तिनं विरळ केले. बाजार सोडल्यावर मी ती धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली होती. आणि माझा मुलगा चाकू घेऊन तिच्या कडेच्या चोया, म्हणजे विणलेल्या बांबूच्या पट्ट्या, सोडवत होता.

मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "बाय, आधी ऐकून घे."

"बापाची गिटार झाली, आता आईची पाटी. हिल्डाचं काय आहे ते आधीच सांगून ठेव, तिला लपवता येईल."

"पट्ट्या काढल्या तिथं चिरा राहिल्यात. रिकाम्या ठेवल्या तर दांडी वाकते. त्यात काहीतरी पक्कं भरावं लागतं."

"सुताराकडं लाकूड नाही?"

"आहे." त्यानं एक चोय चाकूनं तासून पातळ केली, फुंकर मारली, चिरेत घालून पाहिली. बरोबर बसली. काळ्या दांडीवर पिवळी रेघ उठली. "पण ही पाटी इतकी वर्षं भार वाहून वाकली नाही. सुताराच्या लाकडाची अशी खात्री कोण देणार?"

हे तो मला लोणी लावायला बोलला, हे मला कळलं. कळूनही मी उठले. चुलीपाशी जाऊन सरस गरम करून आणला आणि त्याच्यापुढं आदळला. "हा घे. चिकटव. तुझ्या त्या ट्यूबमधल्या डिंकानं बांबू धरत नाही."

मग दोन दिवस तो दांडी घासत होता. पॉलिश पेपरनं, एका लयीत, मासा घासावा तसा. चोयांची टोकं लाकडाच्या बरोबरीनं आली. दांडी हाताला गारगोटीसारखी गुळगुळीत लागू लागली. रेघा दिसायच्या, बोटाला लागायच्या नाहीत. नंतर त्यानं तारा चढवल्या.

आणि मग सुरू झाली ती कटकट.

मला वाटलं होतं एवढा खटाटोप केलाय तर आता एखादं गाणं वाजवेल. एखादी लग्नातली चाल, नाताळातली, काहीही. नाही. त्याचं एकच चाललं होतं. तारेवर वर कुठंतरी बोट ठेवायचा, छेडायचा आणि बोट घसरवत खाली आणायचा. थांबायचा. मान हलवायचा. पुन्हा. कधी फार लवकर घसरायचा, कधी फार उशिरा. भुकेलं मांजराचं पिल्लू कोपऱ्यात रडतंय असं वाटायचं.

"त्याला दूध तरी पाज," मी आतून म्हणायची.

तो पुन्हा तेच.

"इनास, दुसरं काहीतरी वाजव रे. इतक्या वेळात तर एखाद्या आंधळ्या पेटीवाल्यानं अख्खी मिस्सा वाजवली असती."

"हे आलं की झालं," तो म्हणायचा. "मला एवढंच पाहिजे."

"एवढ्यासाठी पाटी तोडलीस?"

"एवढ्यासाठीच."

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी बावखलापाशी, म्हणजे वाडीतल्या आमच्या तळ्यापाशी, भांडी घासत होते. तेवढ्यात केळीतून त्याची हाक आली.

"बाय गोऽऽ"

आमच्याकडं हाकेचं महत्त्व बाहेरच्यांना कळायचं नाही. केळी एकदा दाट झाल्या की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. जेवायला बोलवायचं, साप निघाला, पाणी सोडायचं, सगळं हाकेवर. घराघराची हाक वेगळी. बस्त्यावची भसाडी होती. इनासची उंचावर सुरू व्हायची आणि शेवटाला सावकाश उतरायची, पतंग उतरतो तशी. लहान होता तेव्हापासून तशीच. आणि हाकेला ओ द्यायची हा आमचा नियम. दिली नाही तर समोरचा धावत येतो, काही बरंवाईट झालं समजून. माझी ओसुद्धा ठरलेली होती, आख्ख्या आळीला पाठ होती.

"आले रे, मेले नाही अजून," मी ओरडले.

हातातलं पातेलं ठेवून गेले. तो वाडीच्या पार टोकाला, कुंपणापाशी उभा होता, रिकाम्या हातानं.

"काय झालं?"

"काही नाही. अशीच मारली."

"अशीच? मी राखेचे हात घेऊन इतकं चालत आले ते अशीच?"

"जा परत. भांडी राहिलीत ना तुझी."

मी बडबडत परतले. पातेलं उचललं तोच पुन्हा.

"बाय गोऽऽ"

"आले रे, मेले नाही अजून. पण तू मारशील असा चालवून चालवून."

ह्या वेळी मी गेले नाही, जागेवरूनच ओ दिली. त्यानं आणखी एकदा मारली. मी आणखी एकदा दिली. घसा बसला होता त्याचा, तरी हाक तशीच उतरत आली. त्यानंतर वाडी गप्प झाली. थोड्या वेळानं तो केळीतून बाहेर आला, माझ्याशेजारी बसला आणि उरलेली भांडी विसळायला लागला. पुरुषानं भांडी विसळलेली मला खपत नाहीत. त्या दिवशी खपवून घेतली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, चांगलं झालं. असेल.

इनास घरी आला तेव्हा उपासकाळ निम्म्यावर आला होता. गळ्याला पांढरा फडका, त्यामागं भोक. श्वास घेताना शीळ घातल्यासारखं वाजायचं. पाणी हवं असलं की पेल्यावर बोट आपटायचा, हिल्डाला बोलवायचं असलं की टाळी. मला बोलवायचं असलं की... मला बोलवायचाच नाही. यायचा, समोर उभा राहायचा आणि मी बघेपर्यंत थांबायचा. मला ते सहन व्हायचं नाही. "काय ते भुतासारखा उभा राहतोस," मी म्हणायची. तो ओठ हलवायचा. त्यातून वारासुद्धा निघायचा नाही, कारण वारा आता दुसऱ्या वाटेनं जात होता.

गिटार खुंटीला होती. त्यानं हात लावला नाही.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरला आठवडा उरला असताना, चर्चमधनं गाण्याचा आवाज घरापर्यंत आला. दुसऱ्याच कोणीतरी धरलं होतं, आणि बरं धरलं होतं. इनास उठला आणि मागच्या दारानं वाडीत निघून गेला. हिल्डा त्याच्यामागं जाणार होती, मी तिचा हात धरला.

"जाऊ दे त्याला."

"एकटे आहेत, मम्मी."

"तिथं हजार केळी उभ्या आहेत. एकटा कसा?"

पण त्या रात्री झोपताना खुंटीवरच्या गिटारला मी बोलले. "तुझ्यापायी बापाच्या खुणा गेल्या, माझी पाटी गेली. आता टांगून घ्यायला लाज वाटत नाही?" इनास पलीकडच्या खोलीत होता. दार उघडं होतं. मला कोणाला ऐकवायचं होतं ते मला ठाऊक होतं.

शुभ शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी आम्ही दोघी सणाच्या तयारीत होतो. हिल्डा खोबरं खवत होती, मी तांदूळ निवडत होते. लाईट गेलेली. आसपासच्या सगळ्या वाड्यांमधले पंप बंद पडलेले, त्यामुळे अशी शांतता होती की माशी बसली तरी कळावं.

"बाय गोऽऽ"

केळीतून आली. उंचावर सुरू झाली, सावकाश उतरली.

"आले रे, मेले नाही अजून," मी म्हटलं, सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि निघाले. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, कारण दुपारची हाक असली की बहुधा पाण्यासाठीच असते. पायात चपला घातल्या. तळ्यापर्यंत पोचले.

तिथं माझे पाय थांबले.

मागं वळून पाहिलं. हिल्डा दारात उभी होती, हातात खोबऱ्याची वाटी. तिचा चेहरा वाटीसारखाच पांढरा झाला होता. मी केळीत शिरले.

तो फार लांब नव्हता. तिसऱ्या रांगेत, केळीच्या बुंध्याला पाठ लावून मातीत बसला होता. मांडीवर गिटार. डाव्या हाताचं बोट अजून तारेवर, दांडीच्या खालच्या अंगाला, एका पिवळ्या रेघेच्या जरा अलीकडं टेकलेलं. तिथं कुठलीही पट्टी कधी नव्हती. तो माझ्याकडं बघत होता, आणि लहानपणी परीक्षेचा निकाल आणायचा तेव्हा जसा बघायचा तसाच.

घरात मांजराच्या पिलासारखं वाजायचं ते हे. जवळून ऐकलं म्हणून मला कळलं नव्हतं. हाक ही लांबूनच ऐकायची वस्तू.

मी तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"पाणी पाहिजे का, का अशीच मारली?" मी विचारलं.

त्याचे खांदे हलू लागले. हसत होता की रडत होता सांगता यायचं नाही, दोन्हीचा आवाज आता सारखाच होता, नुसती शीळ. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा तार छेडली. ह्या वेळी हळू.

बाय गो.

मी त्याच्यापुढंच उभी होते. दोन हातांवर. तरी नियम तो नियम.

"आले रे," मी म्हटलं. "मेले नाही अजून."

त्यानंतर इनास दोन पावसाळे होता. रोज हाक यायची, रोज मी ओ द्यायची. हिल्डासाठीही त्यानं एक बसवली होती, छोटी, दोनच सुरांची. ती हाक आली की ती लाजायची, इतक्या वयाची मास्तरीण असून. पोस्टमन एकदा हाक ऐकून म्हणाला, इनासला आवाज परत आला वाटतं. मी म्हटलं, गेला कधी होता.

दुखणं नंतर खाली छातीत उतरलं. शेवटच्या दिवसांत गिटार त्याच्या अंगावर ठेवायची म्हटलं तरी भार व्हायची. हिल्डा धरून बसायची, तो एका बोटानं घसरवायचा. उतार सगळा जमायचा नाही, मध्येच थांबायचा. उरलेली हाक मला ऐकू यायची.

तो गेल्यावर गायकवृंदातला एकजण आला होता. चांगला मुलगा, इनासनंच त्याला शिकवलेलं. म्हणाला, "बाय, गिटार नुसती पडून आहे. पट्ट्या असतील तर मी परत बसवून घेईन. निदान चर्चमध्ये वाजेल."

"पट्ट्या नाहीत," मी म्हटलं. "ज्याच्या होत्या त्याच्यापाशी पोचल्या. आता त्याचा मुलगाही शेजारीच आहे, दोघं मिळून बघतील."

तो ओशाळला, चहा पिऊन गेला. गिटार खुंटीलाच राहिली. तिच्या रेघा मी अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसते. बांबू अजून सुटलेला नाही. वाकलाही नाही.

वाडी आता मजूर बघतात, पण दुपारची एक फेरी मी स्वतः मारते. लाईट गेलेली असली, पंप बंद असले, की तिसऱ्या रांगेपाशी जरा थांबते. पान हललं तरी ऐकू येतं अशी शांतता असते. कोणी हाक मारत नाही. मी वाट बघते असंही नाही, वाट बघणाऱ्यातली मी नव्हे.

मग घसा मोकळा करते आणि जेवढ्या जोरात पूर्वी द्यायची तेवढ्याच जोरात ओ देते. "आले रे." आणि पुढचं जरा हळू, कारण ते आता ऐकवण्यासारखं राहिलेलं नाही.

मेले नाही अजून.